बाहेर ठेवलेल्या पाळीव प्राण्यांच्या घराभोवती उंदीर-घुशी: या चुका टाळा

मुंबईत तळमजल्यावरच्या घरामागची चिंचोळी पट्टी, गावठाणातले अंगण किंवा इमारतीची गच्ची अशा जागी ससे, गिनी पिग, कोंबड्या किंवा बजरी (छोटे पोपट) ठेवणाऱ्यांची एक तक्रार दरवर्षी जूनमध्येच सुरू होते. पहिल्या जोरदार पावसात बिळांमध्ये पाणी शिरते, उंदीर-घुशी कोरड्या जागेच्या शोधात वर येतात, आणि दाणे, हिरवा पाला व सुके गवत एकाच ठिकाणी असलेला लाकडी पिंजरा ही त्यांच्या दृष्टीने आवारातली सर्वांत सोयीची जागा ठरते. दुसऱ्या दिवशी सकाळी लेंड्या दिसतात आणि मालक थेट विषाच्या वड्या आणायला जातो. माझ्या मते पहिली चूक तिथेच होते, कारण दोष बहुतेक वेळा रात्री राहिलेल्या वाटीत, जाळीच्या भोकात किंवा जमिनीला टेकलेल्या फळीत असतो, आणि तो दुरुस्त होईपर्यंत एक उंदीर गेला की आठवड्याभरात त्याच वाटेने दुसरा येतो.

आलेला प्राणी कोण हे न पाहता उपाय करणे

भिंतीच्या कडेकडेने चिकचिक करत जाणारी, लांब टोकदार तोंडाची, बारीक डोळ्यांची आणि उग्र वासाची चिचुंद्री ही उंदीर नव्हे. ती कीटकभक्षी आहे आणि पिंजऱ्याखालची झुरळे खाते, म्हणून तिला तिच्या वाटेने जाऊ द्यावे. घूस मात्र जमिनीतून येते. बिळाच्या तोंडाशी मोकळ्या मातीचा ढीग दिसतो आणि डिवचल्यास ती डुकरासारखी घुरघुरते. इंग्रजांनी तिला दिलेले ‘बँडिकूट’ हे नावही तेलुगूतल्या ‘डुक्कर-उंदीर’ अशा अर्थाच्या शब्दावरूनच आले आहे. शरीरापेक्षा लांब शेपटीचा काळा उंदीर वरून, म्हणजे केबल, पाइप आणि फांद्यांवरून उतरतो, तर गटारातला तपकिरी उंदीर चांगला पोहतो आणि बहुधा खालच्या अंगाने शिरतो. घुशीसाठी तळ बंद करावा लागतो आणि काळ्या उंदरासाठी छप्पर, त्यामुळे ही ओळख पटल्याखेरीज खर्च करू नये.

ओळख पटवण्याचा सोपा मार्ग म्हणजे रात्री पिंजऱ्याबाहेर, पाळीव प्राण्याचे तोंड पोहोचणार नाही अशा बेताने, रांगोळीचा पातळ थर पसरणे. सकाळी पावलांचे ठसे आणि येण्याची दिशा दोन्ही कळतात. लेंडी तांदळाच्या दाण्याएवढी असेल तर लहान घरउंदीर, आणि सेंटीमीटरहून लांब असेल तर मोठा उंदीर किंवा घूस समजावी.

रात्रीचे खाणे सरसकट ठेवणे, किंवा सरसकट काढणे

मोठ्या उंदराला दिवसाला साधारण 15 ते 30 ग्रॅम अन्न पुरते, म्हणजे सशाने न संपवलेले मूठभर गोळीखाद्य त्याच्या एका रात्रीची सोय करते. ते संध्याकाळी काढून घ्यावे हे बहुतेकांना ठाऊक असते, पण घाबरून सगळेच खाणे उचलण्याची चूकही तितकीच होते. सशाचे आणि गिनी पिगचे आतडे सतत चालते राहावे लागते आणि रात्रभरचा उपास त्यांच्या जिवावर बेतू शकतो, त्यामुळे सुके गवत रात्रीही त्यांच्यापुढे असलेच पाहिजे. काढायचे ते गोळीखाद्य, गाजराचे तुकडे, फळे आणि दाणे. सुके गवत उंदीर फारसे खात नाहीत. ते घरट्यासाठी ओढून नेतात, म्हणून ते जमिनीवर न पसरता उंच टांगलेल्या जाळीच्या घमेल्यात द्यावे. कोंबड्यांचे याउलट आहे. त्या अंधारात खात नाहीत, त्यामुळे सूर्यास्ताला खाद्यपात्र उचलले तरी त्यांचे काही बिघडत नाही. कुत्र्याची ताटली वीस मिनिटांनी उचलून धुवावी.

खाद्याचे पोते गॅलरीत टेकवून ठेवणे आणि झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यावर विसंबणे या त्याच चुकीच्या दोन बाजू आहेत. उंदरांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे त्यांना कुरतडणे भागच असते आणि प्लॅस्टिक त्यांना अडवत नाही. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घ्यावा. पाण्याच्या बाटलीची गळकी नळीही बदलावी, कारण एप्रिल-मेमध्ये उंदीर दाण्यापेक्षा पाण्यासाठी अधिक येतात असा माझा अनुभव आहे. सोसायटीच्या ओल्या कचऱ्याचे डबे पिंजऱ्याच्या शेजारी असतील, किंवा कोणी तिथेच कबुतरांना ज्वारी टाकत असेल, तर आधी त्या जागा बदलून घ्याव्यात. हे काम मात्र जाळी ठोकण्यापेक्षा अवघड आहे.

चुकीची जाळी

माझ्या पहिल्या खुराड्याला मी षट्कोनी भोकांची कोंबडीजाळी लावली होती, आणि दुकानदाराने ती ‘एकदम मजबूत’ असल्याचे सांगितले होते. ती जाळी कोंबडीला आत ठेवण्यासाठी असते, उंदराला बाहेर ठेवण्यासाठी नव्हे. तिची तार पातळ असते आणि भोकातून उंदराची पिल्ले सहज जातात. तिसऱ्या आठवड्यात एका कोपऱ्यात मुठीएवढे भगदाड पडले होते. चौकोनी भोकांची, सांधे वेल्डिंगने जोडलेली आणि जस्ताचा मुलामा दिलेली वेल्डमेश घ्यावी. मोठ्या उंदरांसाठी 12 मिलिमीटरचे भोक चालते, पण लहान घरउंदीर पेन्सिल जाईल एवढ्या, म्हणजे सुमारे 6 मिलिमीटरच्या फटीतूनही शिरतो, म्हणून खालच्या दोन फुटांना आणि दाराच्या चौकटीला 6 मिलिमीटरची जाळी लावणे उत्तम. जाळी साध्या पिनांनी ठोकू नये. लाकडी पट्टी ठेवून स्क्रूने आवळावी आणि शक्यतो बाहेरच्या बाजूने बसवावी, नाहीतर लाकूडच कुरतडले जाते. नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात अशी जाळी फुटावर कापून मिळते. समुद्राच्या खाऱ्या हवेत ती गंजते, त्यामुळे दर मे महिन्यात, पावसाआधी, प्रत्येक कोपरा बोटाने दाबून पाहावा.

पिंजरा जमिनीवर असेल तर घूस खालून बोगदा काढते. जाळीची कड इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखी वळवून सुमारे 30 सेंटीमीटर बाहेरच्या दिशेने मातीखाली पुरली, की ती उकरायला लागते तिथेच अडते. पिंजरा पायांवर उचलणार असाल तर एक फूट पुरेसा नसतो, कारण मोठा उंदीर सुमारे पाऊण मीटर उंच उडी मारतो आणि भिंतीवरून, दोरीवरून किंवा फांदीवरून मीटरभर आडवी झेपही घेतो. पायांना गुळगुळीत पत्र्याचे नळे घालावेत आणि भिंतीपासून अंतर सोडावे. मात्र उंदरांच्या धास्तीने संपूर्ण तळ उघड्या तारेचा करू नये. सशाच्या तळपायाला त्यामुळे जखमा होतात, म्हणून निम्म्याहून अधिक भागावर फळी किंवा चटई हवी.

विष, चिकट पॅड आणि बादली

विषाच्या वड्यांचा पहिला धोका उंदराला नसून आपल्याच प्राण्याला असतो. ब्रोमाडायोलोनसारखी औषधे रक्त गोठू देत नाहीत आणि उंदीर काही दिवस आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. त्या काळात सुस्तावलेला उंदीर मांजर, कुत्रा किंवा गव्हाणी घुबडाच्या तावडीत सापडला की विष त्यांच्याही अंगात जाते. यावर जीवनसत्त्व के-1 हा उतारा आहे, तोही वेळेत पशुवैद्य गाठला तरच. झिंक फॉस्फाइड या दुसऱ्या उंदीरविषाचा पोटातल्या आम्लाशी संयोग होऊन फॉस्फिन वायू तयार होतो आणि त्यावर उताराच नाही. ससा उलटी करू शकत नाही, त्यामुळे उंदराने ओढत आणून त्याच्या पिंजऱ्याशी टाकलेला विषाचा तुकडा त्याने खाल्ला तर तो बाहेर पडण्याचा मार्ग उरत नाही. सोसायटीत कीटकनियंत्रणवाले येणार असतील तर आपल्याकडे पाळीव प्राणी असल्याचे आधीच लेखी कळवावे. आवारातल्या मोठ्या बिळांसाठी महापालिकेच्या विभाग कार्यालयातील कीटकनाशक विभागाकडे तक्रार केली तरी हीच सूचना द्यावी.

चिकट पॅडवर उंदीर तासन्‌तास तडफडतो, कातडी फाटते, आणि पाल, चिचुंद्री किंवा चिमणीही त्यावर अडकते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने असे पॅड वापरण्याविरुद्ध राज्यांना कळवलेले आहे. उंदीरपिंजऱ्यात सापडलेला उंदीर बादलीत बुडवणे ही आपल्याकडची जुनी सवय आहे. ते जलद किंवा वेदनारहित मरण नाही आणि पशुवैद्यकशास्त्राला ती पद्धत मान्य नाही. प्राण्यांना अनावश्यक वेदना देणे हा प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, 1960 च्या कलम 11 खाली गुन्हा आहे.

जिवंत पकडणे, पण अर्धवट

तारेचा उंदीरपिंजरा चांगला, परंतु जाळीची दुरुस्ती झाल्यानंतरच. उंदीर नव्या वस्तूला बिचकतात, त्यामुळे पहिल्या दोन-तीन रात्री पिंजरा उघडा बांधून त्यात शेंगदाण्याचा तुकडा ठेवावा आणि मगच चाप लावावा. चाप लावून दोन दिवस गावाला जाणे ही क्रूर चूक आहे. पिंजऱ्यावर कापड टाकावे, उन्हापासून दूर ठेवावा, रात्री झोपण्यापूर्वी आणि पहाटे पाहावा. पकडलेला उंदीर आरे किंवा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सोडणे पुण्याचे वाटते, पण अनोळखी जागी तो बहुधा तगत नाही, आणि आजार असलाच तर तो तिथल्या प्राण्यांपर्यंत नेतो. फटी बुजवलेल्या पाळीव प्राण्यांच्या घराबाहेर, त्याच आवाराच्या दूरच्या कोपऱ्यात सोडणे अधिक योग्य. स्तन सुजलेली मादी सापडली तर तिला लगेच सोडावे, कारण बिळात पिल्ले असतात. जखमी उंदीर पशुवैद्याकडे न्यावा.

बीळ बुजवण्याचीही घाई करू नये. तोंडात वर्तमानपत्राचा सैल बोळा घालावा. तो दोन-तीन दिवस जागचा हलला नाही तर बीळ रिकामे आहे असे समजून खडी आणि सिमेंटने बंद करावे. बोळा बाहेर पडला तर आत जीव आहे, मग आधी खाणे तोडावे आणि थांबावे. उंदराची पिल्ले तीन-चार आठवड्यांत स्वतःचे खाऊ लागतात.

इतके करूनही येतच असतील तर

रांगोळीचा प्रयोग पुन्हा करावा. बहुधा दाराची बिजागरी, पन्हळ किंवा पाइपाभोवतीची फट राहिलेली असते. ती भांडी घासायच्या स्टीलच्या घासणीने ठासून वर सिमेंट लिंपावे. श्राव्यातीत, म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाची यंत्रे विकत घेऊ नयेत. उंदीर त्यांना सरावतात, आणि ससा सुमारे 42 किलोहर्ट्झपर्यंत ऐकत असल्याने त्रास त्यालाच होतो. डांबराच्या गोळ्यांचा वाफारा पक्ष्यांना आणि सशांना घातक आहे. मांजर पाळून प्रश्न सुटेल अशी आशा धरणाऱ्याने ती सशाकडे कोणत्या नजरेने पाहील याचाही विचार करावा.

सकाळची सफाई

लेंड्या कोरड्या झाडूने झाडू नयेत, धूळ नाकात जाते. प्राण्यांना बाजूला हलवून, हातमोजे घालून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे मिश्रण शिंपडावे, पाच मिनिटे थांबावे, पुसून घ्यावे आणि जागा वाळल्यावरच प्राणी परत ठेवावेत. मुताने खराब झालेले खाद्य व गवत फेकून द्यावे. उंदराच्या मुतातून पाण्यात आणि तिथून पायाच्या जखमेवाटे शरीरात जाणारा लेप्टोस्पायरोसिस मुंबईला नवा नाही. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर त्याची मोठी साथ आली होती. कुत्र्याला त्याची लस दरवर्षी देता येते. पावसाळ्यात पिंजरा साफ करताना गमबूट घालावेत, आणि त्यानंतर ताप, पोटऱ्यांत दुखणे किंवा डोळे लाल होणे असे काही झाल्यास डॉक्टरांना उंदरांचा संबंध आवर्जून सांगावा.