बनियनच्या कापडात काँक्रीटचं कवच कसं घडवावं

घोडबंदर रोडच्या कुठल्याही चालू साइटवर बघा, स्लॅब पडण्याआधी कितीतरी दिवस सेंट्रिंगच, म्हणजे ओलं काँक्रीट पेलणारा साचा आणि टेकू उभारणंच, चाललेलं असतं. सपाट स्लॅबला ते परवडतं. वळणदार कवचासाठी, म्हणजे पातळ, वाकलेल्या छतासाठी मात्र एकदाच वापरायचा लाकडी साचा घडवण्यातच पैसा संपतो. २०१८ मध्ये मेक्सिको सिटीत उभारलेल्या ‘निटकँडेला’ या काँक्रीटच्या कवचाने यावर देखणी वाट दाखवली. झुरिकचं ईटीएच विद्यापीठ आणि झाहा हदीद आर्किटेक्ट्सच्या मंडळींनी मशीनवर ३६ तासांत विणलेलं कापड सुटकेसमधून तिथे नेलं. कापड आणि तारांची जाळी मिळून वजन ५५ किलो, आणि त्याने पेललं ५ टनांहून जास्त काँक्रीट!

छोटा नमुना आपल्या गच्चीवरही होतो. ठाण्यातला पाऊस सरला की करा.

जुना टी-शर्ट किंवा बनियन घ्या. हे कापड फाशांनी विणलेलं असतं, म्हणून चहूबाजूंनी ताणतं आणि खोलगट झालं तरी चुण्या पडत नाहीत. चादरीचं कापड इथे चालणार नाही. दोन फुटी लाकडी चौकटीवर ते किंचित सैल ठेवून स्टेपल करा आणि चौकट दोन स्टुलांवर आडवी ठेवा.

आता सगळ्यात नाजूक काम. हातमोजे घाला, सिमेंट कातडी भाजतं. सिमेंट-पाण्याची दाट ताकासारखी स्लरी ब्रशने कापडात जिरवा. कापड ओलं होऊन झोळीसारखं खाली येतं आणि आकार आपोआप ठरतो. इथे घाई नको. हा पातळ थर दिवसभर सावलीत कडक झाला, तरच तो पुढचं वजन घेईल. बोटाने दाबल्यावर झोळी हलली तर आणखी एक हात द्या.

मग एक भाग सिमेंट, दोन भाग चाळलेली रेती आणि प्लास्टरचे फायबर यांचा घट्ट माल कालवा. आतून सेंटीमीटरभर थापा, पण समोरासमोरच्या कडांकडून मध्याकडे या. एकाच बाजूला माल पडला की झोळी कलते.

ओलं गोणपाट टाकून सात दिवस पाणी मारा. मग स्टेपल काढून कवच उलटं करा. लटकताना जो ताण होता तो उलटल्यावर दाब होतो, आणि दाब सोसण्यात काँक्रीट पटाईत. कापड काढायचं नाही. टाक्यांची नक्षी बाहेरून छान दिसते.

यावर कुणी उभं राहू नये. बाक किंवा छप्पर करायचं मनात असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून जाडी आणि सळई ठरवून घ्या.