सुरुंग असलेल्या गावात माहिती सांगायला जाताय? आधी हे वाचा

पहिली गोष्ट, सुरुंगापासून (जमिनीत पुरलेले, पाय पडला की फुटणारे बॉम्ब) सावध करणारं पोस्टर हातात घेऊन गावात शिरू नका, ते पिशवीतच राहू द्या. आपल्याकडचे बरेच जण, कुणी फौजेतून रिटायर झालेले, कुणी नर्स, कुणी संस्थेच्या कामावर, युद्ध चालू असलेल्या भागात जायलेत आणि सारखं विचारायलेत की लोकांना सुरुंगाबद्दल सांगायचं कसं, म्हणून एकदाच सविस्तर टाकतोय. सुरुंग काढायचे कसे ते ह्यात नाही. ते ट्रेनिंग घेतलेल्या सॅपर (सुरुंग काढणाऱ्या फौजी) लोकांचं काम आहे, आणि ते तुम्ही गावाला शिकवायचं पण नाही. तार कुठली, पिन कुठली असलं काही सांगितलं की गावातला एखादा हुशार पोरगा दुसऱ्या दिवशी करून बघतो.

पोस्टर नाही तर मग काय? आधी दोन दिवस नुसतं विचारा. पाणी कुठून आणता, सरपण कुठलं, शेळ्या कोण चारतं, भंगार कोण गोळा करतं, कोणती वाट बंद पडली आणि का. पाणलोटाच्या कामात ज्यांनी जमिनीवर रांगोळीनं गावाचे नकाशे काढलेत त्यांना हे जमेल, तीच पद्धत वापरायची, राख नाहीतर पीठ घ्या आणि बायाबापड्यांनाच काढू द्या. पण दोन फरक लक्षात ठेवा. एक, शिवारफेरी अजिबात नाही, नकाशा काढायचा तो गावातच, वापरातल्या पक्क्या जागेवर बसून. दोन, काम झालं की नकाशा पुसून टाकायचा आणि मोबाईलमध्ये त्याचा फोटो ठेवायचा नाही. लढाई चालू असताना सुरुंग कुठं आहेत ही लष्करी माहिती असते, चेकपोस्टवर तुमच्या फोनमध्ये असला फोटो सापडला तर तुम्ही हेर ठरता आणि तुमच्याबरोबर ज्यानं जागा दाखवली तो पण जातो. त्याच कारणानं सुरुंग कुणी पेरले हे कधीच विचारायचं नाही, कुणी आपणहून सांगायला लागलं तरी विषय बदला.

असं विचारत बसलात की कळतं, लोकांना बरंच माहीत असतं. आपल्याकडं रात्रीची लाईट असली की शेतकरी बारा-एकला मोटार चालू करायला जातो, साप-विंचू असतात हे त्याला कुणी सांगावं लागतं का, तरी जातोच ना, कारण लाईट तेव्हाच असते. सुरुंगाच्या गावात पण तसंच, बाई सरपणाला त्याच रानात जाते कारण चूल पेटवायची आहे. अशा बाईला "तिकडं जाऊ नका" म्हणणं म्हणजे फुकटचा सल्ला. तिच्यासाठी दुसरी वाट, दुसरं सरपण, नाहीतर वाटप करणाऱ्या संस्थेकडून गॅस किंवा लाकूड मिळतंय का हे बघणं, हा पण तुमच्या कामाचाच भाग धरा. माहीत नाही म्हणून जाणारे, चुकीचं माहीत असलेले, "मला काही होत नाही" म्हणणारे आणि पोटासाठी जाणारे, हे चार वेगवेगळे लोक आहेत. सगळ्यांना एकच भाषण दिलं तर फक्त पहिल्यालाच उपयोग होतो. तिसरा प्रकार बहुतेक करून तरण्या पोरांचा, त्यांना भीती दाखवली की ते अजून चेकाळतात, त्यांच्या समोर त्यांच्याच वयाचा बोलणारा पाहिजे.

मेलेल्या माणसांचे, तुटलेल्या पायांचे फोटो दाखवू नका. लोक तोंड फिरवतात, मुलं रात्री झोपत नाहीत, आणि ज्या घरातला माणूस गेलाय ती बाई समोरच बसलेली असते. एखादा जखमी होऊन वाचलेला माणूस स्वतःहून बोलायला तयार असेल तर त्याच्यासारखा शिक्षक नाही, पण त्याला तयार करून, विचारून, आणि रोज रोज तेच सांगायला न लावता. खरा बॉम्बगोळा, "हा निकामी आहे" असं म्हणून सुद्धा, सभेत आणायचा नाही म्हणजे नाही, कारण तुम्ही हातात धरलेला बघितला की लोकांना वाटतं हात लावला तरी चालतं.

चित्र दाखवायची वेळ येईल तेव्हा एक गडबड होते. पोस्टरवर सुरुंग परातीएवढा छापलेला असतो आणि प्रत्यक्षात माणसासाठीचा सुरुंग तळहाताएवढा, तो पण गवतात नाहीतर मातीखाली. म्हणून चित्राशेजारी हात ठेवून साईज दाखवा. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजेनं हेलिकॉप्टरमधून टाकलेले पीएफएम-१ नावाचे छोटे प्लॅस्टिकचे सुरुंग पंखासारखे दिसायचे, त्याला फुलपाखरू म्हणायचे, लहान पोरांनी खेळणं समजून उचलले. पण नुसतं "असा दिसला की लांब राहा" एवढंच शिकवलं तर पोरगं त्या चित्रासारखी वस्तू शोधतं आणि दुसऱ्या आकाराची उचलतं. त्यापेक्षा जागा ओळखायला शिकवा, ते जास्त कामाचं. पाऊलवाट असून कुणी वापरत नाही, गवत वाढलंय. चांगली जमीन पडीक, फळं झाडाखाली पडून सडायलेत आणि कुणी वेचत नाही. मेलेलं जनावर, खड्डे, जुनी खंदकं, फौजेच्या मोर्चेबंदीच्या जागा, पूल, लढाईत सोडून दिलेलं घर, लष्कराच्या गाड्या उभ्या राहायच्या ती जागा. गावकऱ्यांनी स्वतः लावलेल्या खुणा पण असतात, आडव्या काठ्या, गवताला मारलेली गाठ, दगडांची रास. ह्या खुणा प्रत्येक भागात वेगळ्या, त्या गावाकडूनच शिका आणि नवीन आलेल्या विस्थापितांना सांगा. अफगाणिस्तानात लाल रंगाचा दगड म्हणजे धोका आणि पांढरा म्हणजे साफ झालेलं, दुसऱ्या देशात तसंच असेल असं धरून चालू नका.

विस्थापित म्हटलं म्हणून सांगतो, सगळ्यात जास्त धोका परत येणाऱ्या माणसाला. तो वर्षभर कॅम्पात होता, त्याला गावातलं नवीन काहीच माहीत नाही, आणि तो थेट स्वतःच्या घराचं दार उघडतो, विहिरीवर जातो, नांगर काढतो. म्हणून कॅम्पमध्येच, परत निघायच्या आधी त्यांना गाठा. पूर आला तर सगळा हिशोब बदलतो. 2023 च्या जूनमध्ये युक्रेनमधलं काखोव्का धरण फुटलं तेव्हा पाण्याबरोबर सुरुंग वाहून गेले, जिथं नव्हते तिथं आले. आपल्याकडं 2001-02 च्या ऑपरेशन पराक्रमच्या (संसदेवरच्या हल्ल्यानंतर फौज पाकिस्तान सीमेवर नेली होती) वेळी बॉर्डरला मोठ्या प्रमाणात सुरुंग पेरले होते, पावसात असे सरकलेले सुरुंग हा जम्मूकडच्या लोकांना ओळखीचा विषय आहे, तिथं ड्युटी केलेल्या फौजींना विचारा.

आता मुख्य नियम, हे लहान मुलाला पाठ झाले पाहिजेत. अनोळखी वस्तूला हात लावायचा नाही, जवळ जायचं नाही, दगड मारायचा नाही, जाळायचं नाही. पाहिलं की थांबा, बाकीच्यांना ओरडून सांगा, आलात त्या सुरक्षित वाटेनं मागं या, तुम्ही उभे होता तिथं काहीतरी खूण करा (वस्तूच्या जवळ जाऊन नाही), आणि लांब गेल्यावर फोन करा. भारतात 112, बाकी ठिकाणी तिथला नंबर आधी काढून ठेवा आणि तो खरंच लागतो का बघा. गडचिरोलीसारख्या भागात कारखान्यातला सुरुंग नसतो, घरगुती बनवलेला आयईडी असतो, 1 मे 2019 ला जांभूळखेड्याजवळ असल्याच स्फोटात 15 पोलिस आणि गाडीचा ड्रायव्हर गेले. तिथं तार, नवीन खोदलेली माती, वाटेवर टाकलेलं आकर्षक सामान हे बघायला शिकवा, आणि नुसतं मराठीत बोलून भागत नाही, माडिया-गोंडी बोलणारा माणूस सोबत घ्याच.

चुकून सुरुंग पेरलेल्या जागेत शिरलो हे मधेच लक्षात आलं तर? पळायचं नाही. जिथं पाय आहे तिथंच थांबायचं, ओरडून बाकीच्यांना थांबवायचं, मदत येईपर्यंत वाट बघायची, मग रात्र झाली तरी चालेल. स्वतःची पाऊलं अगदी स्पष्ट दिसत असतील तरच, आणि मदत येणारच नाही अशी खात्री असेल तरच, त्याच पाऊलांवर पाय ठेवत मागं यायचं. आणि सगळ्यात अवघड, समोर कुणी जखमी पडलंय, ओरडतंय, कदाचित तुमचा भाऊच. धावत जायचं नाही. दुसरा स्फोट अशानंच होतो. तिथूनच त्याला हलू नको म्हणायचं, जखमेच्या वरच्या बाजूला (धडाकडं) कपडा आवळून घट्ट बांधायला, जखम दाबून धरायला सांगायचं, आणि मदत बोलवायची. हे नुसतं सांगून होत नाही, त्याचं नाटक करून घ्या, एक पोरगा पडतो, दुसरा धावायला बघतो, तिसरा अडवतो. चार वेळा केलं की अंगात बसतं.

पद्धत म्हणाल तर आपल्या माणसांना हे उपजत येतं. पैठणच्या एकनाथांचं भारूड ऐकून वाढलेलो आपण, सोंग घेऊन हसवत हसवत कडू सांगायची ताकद माहीत आहे. तिथल्या लोकांचं तसं काय आहे ते शोधा, बाहुल्या असतील, गाणं असेल, रेडिओवरची मालिका असेल. त्यांचं तेच वापरा, आपलं भारूड तिथं नेऊन बसवू नका. एका वेळी पंधरा-वीस माणसं, अर्धा-पाऊण तास, दिवसा. मोठी गर्दी जमवणं लढाईच्या भागात धोक्याचं. बायकांची वेळ वेगळी, त्या सरपणावरून येतात तेव्हाची. जायच्या आधी गावाकडंच सराव करा, विहिरीच्या कामात उडाला नाही तो बार, पडलेली कॅप-जिलेटिन (स्फोटाचं सामान), ह्यावर एक सत्र पारावर घेऊन बघा, लोक कुठं ऐकतात आणि कुठं मोबाईल काढतात ते कळेल.

हे सगळं कशाला एवढं, असं वाटत असेल तर आकडा बघा. 2023 मध्ये जगभरात सुरुंग आणि न फुटलेल्या दारूगोळ्यामुळं मेलेले-जखमी मिळून किमान 5,757 माणसं नोंदली गेली, त्यात 84 टक्के साधे नागरिक, आणि ज्यांचं वय कळलं त्यातली 37 टक्के लेकरं. सगळ्यात जास्त म्यानमारमध्ये. सुरुंगबंदीचा ओटावा करार 1997 चा आहे पण भारत त्यात नाही, आणि 2025 मध्ये पोलंड, फिनलंड, बाल्टिक देशांनी पण बाहेर पडायचं ठरवलं. म्हणजे हे काम लवकर संपणारं नाही, लाओसमध्ये तर 1973 ला थांबलेल्या अमेरिकेच्या बॉम्बफेकीतले छोटे बॉम्ब अजून सापडतात.

शेवटी तपासणी. "समजलं का?" असं विचारलं की सगळे हो म्हणतात, त्याला काही अर्थ नाही. "तुझी शेळी त्या काठ्यांच्या पलीकडं गेली, आता काय करशील?" असं विचारा आणि उत्तर ऐका. महिन्यानं परत जा आणि कोण कोणत्या वाटेनं जातंय ते बघा, वाट बदलली नसेल तर कारण सरपणात किंवा पाण्यात शोधा, लोकांना अडाणी म्हणू नका. आणि निघताना गावातली दोन माणसं, एक बाई आणि एक गडी, ह्यांना सगळं शिकवून, फोन नंबर, चित्रं आणि वह्या देऊन या, कारण पुढच्या पावसाळ्यात नवीन काही वाहून आलं तर सांगायला तुम्ही तिथं नसणार.