मलावीचे म्बुना पाळताय? या चुका टाळा

दुकानात पिवळे, निळे, केशरी मासे एकाच टँकमध्ये पळताना दिसले की लोक प्रत्येक रंगाचा एकेक उचलतात. म्बुना पाळणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक हीच. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले हे मासे कातळाच्या कपारींत राहतात आणि आपल्या कपारीसाठी नर जिवावर उठतो. दुकानातली पिल्लं वयात आलेली नसतात, म्हणून गुण्यागोविंदाने नांदताना दिसतात.

ठाण्यातल्या एका मित्राने तीन फुटी टँकमध्ये असंच 'मिक्स' भरलं होतं. त्यात ऑरॅटस जातीचा एक म्बुना होता, पिवळाधमक, अंगावर काळे पट्टे. पुढे त्याचं पिवळं पोट काळं पडलं, म्हणजे नर वयात आला, आणि मारामारी सुरू झाली. मी बघायला गेलो तेव्हा यलो लॅब (म्बुनांचीच एक पिवळी जात) हीटरच्या मागे पाण्याच्या वरच्या थराला चिकटून होता, शेपटीच्या नुसत्या काड्या उरलेल्या. मित्र मार खाणारा मासा बाहेर काढायचा, की ऑरॅटस दुसरा धरायचा. अहो, काढायचा तो मारणारा! आम्ही ऑरॅटस हलवला, सगळे दगड उचलून नव्याने रचले म्हणजे जुन्या हद्दी मोडल्या, आणि दिवे बंद करून यलो लॅबचा घोळका एकदम सोडला. मग कुठे टँक शांत झाला.

मी स्वतः चार फुटांपेक्षा लहान टँकमध्ये म्बुना ठेवत नाही. दोन-तीनच जाती, एका नरामागे तीन-चार माद्या. लहानपणी नर-मादी ओळखू येत नाहीत, म्हणून एका जातीची आठ-दहा पिल्लं घ्यायची आणि जादा नर नंतर काढायचे. ऑरॅटस नवशिक्यांनी घेऊच नये.

दुसरी चूक खाण्याची. हे मासे कातळावरचं शेवाळ आणि त्यातले बारीक जीव खरवडून खातात. त्यांना रोज ब्लडवर्म (कीटकांच्या लाल अळ्या) घातले की 'ब्लोट' ओढवतो: मासा खाणं सोडतो, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी होते, मग पोट फुगतं. पोट फुगल्यावर मासा क्वचितच वाचतो, म्हणून खाणं सुटलं त्याच दिवशी जागे व्हा. स्पिरुलिना या शेवाळाचे पेलेट, दिवसातून दोनदा, चिमूटभर, आणि आठवड्यातून एक दिवस उपास. लवकर मोठे व्हावेत म्हणून कोंबू नका.

म्बुनांना कठीण, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असलेलं पाणी लागतं; मीठ टाकलं की पाणी तसं होतं, हा गैरसमज सोडा. मुंबईचं नळाचं पाणी मृदू असतं; फिल्टरमध्ये कोरलचा चुरा ठेवा, पीएच 7.8 ते 8.5 च्या आसपास राहू द्या. बोअरचं पाणी असेल तर आधी तपासा, बहुधा काहीच घालावं लागत नाही.

टँक सायकल न करता, म्हणजे माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढू न देता, मासे सोडू नका. पीएच चढा असला की अमोनिया जास्त घातक ठरतो.

आणि दगड वाळूवर रचू नका. म्बुना खालून वाळू उकरतात, ढिगारा घसरतो, काच फुटते. आधी काचेवर दगड, मग भोवती वाळू.