उतारावर गाडी लावताना, आणि बंपर घासलाच तर

माझी भाची पुढच्या रविवारी नवी मुंबईत बेलापूरला राहायला जातेय. पारसिक हिलच्या चढावर जागा मिळाली आहे, इमारतीत पार्किंग नाही, आणि सोबत नेणार आहे ती वडिलांची २०१५ सालची गिअरची गाडी. आजवर तिने गाडी चालवली ती ठाण्यात, पाचपाखाडी-नौपाड्याच्या सपाट रस्त्यांवर. तिथे हँडब्रेक ओढला, चावी काढली, की झालं. चढावर एवढ्याने भागत नाही. म्हणून तिच्यासाठी ही तयारी लिहून काढली. तुमच्याही घराबाहेर उतार असेल तर तुम्हालाही उपयोगी पडेल.

जाण्याआधी हँडब्रेकची परीक्षा घ्यायची. सोसायटीच्या रॅम्पवर, मागेपुढे कुणी नाही हे पाहून, गाडी पायाच्या ब्रेकवर थांबवा, न्यूट्रल करा, हँडब्रेक पूर्ण ओढा आणि पाय हळूहळू उचला. गाडी तसूभरही सरकली तर गॅरेज गाठा. ओढताना दांड्याची कटकट मोजायची सवय लावा. तिच्या गाडीत ती सहा-सात असायची, परवा मी मोजली तर दहा भरली. म्हणजे केबल सैल झाली आहे किंवा मागचे ब्रेकशू (चाकाच्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारे भाग) झिजले आहेत. हे काम आजच सांगून ठेवलंय.

आता क्रम. हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून सावकाश सांगतो. गाडी जागेवर आली की पाय ब्रेकवरच ठेवा. न्यूट्रल करा. हँडब्रेक ओढा. मग ब्रेकवरचा पाय किंचित सैल करा म्हणजे गाडी बोटभर दबते आणि तिचा भार हँडब्रेकवर बसतो. हा छोटासा हिसका जाणवला पाहिजे. त्यानंतर पुन्हा ब्रेक दाबून क्लच दाबा, गिअर टाका, इंजिन बंद करा, क्लच सोडा आणि सगळ्यात शेवटी ब्रेक सोडा. हँडब्रेकवर भार न बसवताच गिअर टाकून ब्रेक सोडला तर सगळं वजन गिअरबॉक्सवर येतं. गाडीचं तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स. हे दोन सगळ्यात ताकदीचे गिअर. चाक फिरायला लागलं तर बंद इंजिन त्याला जोराने अडवतं. चौथ्या-पाचव्यात ठेवलेली गाडी तेवढी अडत नाही.

चाकं सरळ ठेवून उतरायचं नाही. आपण डावीकडे गाडी लावतो, त्यामुळे तोंड उताराकडे असेल तर स्टिअरिंग डावीकडे वळवून पुढचं चाक फुटपाथच्या कडेला टेकवा. तोंड चढाकडे असेल तर स्टिअरिंग उजवीकडे; गाडी मागे सरकलीच तर पुढच्या डाव्या चाकाची मागची बाजू कडेवर अडते. फुटपाथच नसेल तर दोन्ही वेळा डावीकडेच, म्हणजे सुटलेली गाडी रस्त्याच्या मध्यावर न येता कडेला जाईल. आणि कडेला उघडं गटार असेल तर ती जागाच सोडा, शंभर पावलं जास्त चाला.

एवढं बजावून सांगायचं कारण आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी, उपवनजवळ, मी औषधं घ्यायला पाच मिनिटं थांबलो होतो. हँडब्रेक ओढला होता, पण गाडी न्यूट्रलमध्ये आणि चाकं सरळ. दुकानातून बाहेर आलो तर गाडी वीतभर मागे सरकून दुसऱ्या एका गाडीच्या बंपरला टेकलेली. ती गाडी तिथे नसती तर? मागेच शाळेतली दोन मुलं छत्री घेऊन उभी होती. त्या दिवसापासून गिअर न टाकता मी गाडीतून उतरलेलो नाही. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम १२६ हेच सांगतं: चालक जागेवर नसताना इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा, किंवा गाडी आपोआप हलणार नाही असा दुसरा बंदोबस्त हवा.

गिअरमध्ये ठेवलेल्या गाडीचा एक धोका सकाळी असतो. घाईत चावी फिरवली की जुनी गाडी टुणकन उडी मारते आणि समोरच्या खांबाला बंपर लागतो. क्लच पूर्ण दाबून, गिअरचा दांडा डावी-उजवीकडे मोकळा हलतोय हे हाताने पाहून मगच चावी. बऱ्याच नव्या गाड्या क्लच दाबल्याशिवाय सुरूच होत नाहीत, पण ही त्यातली नाही. रिव्हर्स सेन्सर १ जुलै २०१९ पासून बनलेल्या गाड्यांना सक्तीचे झाले, तेही हिला नाहीत. आणि असले तरी लोंबती साखळी किंवा बारीक गज त्यांना दिसेलच असं नाही. अंदाज येत नसेल तर उतरून मागे बघून या. लाज वाटू देऊ नका.

डिकीत काय हवं? लाकडाची उटी, चाकाखाली नीट बसेल अशी तिरपी कापलेली. टॉर्च, मऊ कापड, प्लॅस्टिकचे चार-सहा लांब टाय, रुंद चिकटपट्टी, वही आणि पेन. कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये चालतात. पावसात गाडी आठ-दहा दिवस हलणार नसेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागचे शू ड्रमला चिकटतात. सपाट जागा बघून गिअर टाका आणि उटी लावा. 

आता बंपर लागलाच तर. पहिली गोष्ट, गाडी लगेच मागे घेऊ नका. दोन्ही बंपर एकमेकांत अडकलेले असले तर ओढण्यानेच जास्त फाटतात. कुणाला लागलं आहे का ते आधी बघा. लागलं असेल तर त्याला दवाखान्यात न्या आणि पोलिसांना कळवा. कायद्याने कळवायला जास्तीत जास्त २४ तास आहेत, पण तेवढे थांबायचं कशाला? नुसता ओरखडा असेल तर दोन्ही नंबर प्लेट आणि रस्ता दिसेल असा एक लांबून फोटो, मग जवळून दोन-तीन. समोरच्या गाडीचा मालक नसेल तर नाव आणि फोन नंबर लिहून वायपरखाली ठेवा. उपवनला मी तेच केलं. रात्री त्या गृहस्थांचा फोन आला आणि दहा मिनिटांत सगळं मिटलं.

त्यानंतर रंग बघण्याआधी आतलं बघा. बंपर प्लॅस्टिकचा असतो, दबून परत वर येतो, त्यामुळे वरून साधा ओरखडा आणि आत बंपर धरून ठेवणारा ब्रॅकेट तुटलेला, असं होतं. माझंही तसंच निघालं. बंपर आणि मडगार्ड यांच्यातली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का? तळव्याने दाबल्यावर कुठे खुळखुळतंय का? डिकी नीट बसतेय? दिवे, इंडिकेटर लागतायत? पुढून लागलं असेल तर खाली वाका. एसीचं पाणी स्वच्छ असतं. हिरवा किंवा गुलाबी थेंब बोटाला बुळबुळीत लागला तर ते कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव), मग गाडी तिथेच बंद करून टो करून न्या. लोंबणारा बंपर टायने बांधून हळूहळू गॅरेजपर्यंत जाता येतं, पण तसाच घेऊन पाम बीच रोडसारख्या वेगाच्या रस्त्याला लागू नका.

ओरखड्यावर नख फिरवा. अडकलं नाही तर तो वरच्या पारदर्शक थरातच आहे, रबिंग कंपाउंडने (रंग घासून चकचकीत करायच्या पेस्टने) बराचसा जातो. अडकलं तर टचअप किंवा रंग; रंगाचा कोड बहुतेक गाड्यांवर दाराच्या चौकटीत किंवा बॉनेटखाली असतो. बंपरला गंज चढत नाही, तो महिनाभर थांबला तरी चालतो. पण शेजारच्या पत्र्यापर्यंत ओरखडा गेला असेल तर खाडीच्या हवेत थांबू नका. बंपरला खड्डा पडला असेल आणि रंगाला तडा नसेल तर कडकडीत पाणी ओतून आतून हाताने दाबा (जाड हातमोजा घालून), बहुधा बाहेर येतो. हा उपाय पत्र्यावर करू नका.

विमा मागण्याआधी हिशेब मांडा. झीरो डेप (घसारा न कापणारं जास्तीचं कव्हर) नसेल तर प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. समजा नवा बंपर सहा हजारांचा, तर तीनच हजार धरले जातात, आणि १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला त्यातून आणखी हजार आपल्या खिशातून. वर नो क्लेम बोनस, म्हणजे वर्षभर विमा न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. तो पहिल्या वर्षी २० टक्के, पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढतो. भाचीचा ५० वर आहे, तेव्हा लहानसहान काम तिने स्वतःच करून घ्यावं असं मी सांगितलंय. आत मोठी मोडतोड असेल तर मात्र काहीही खोलण्याआधी विमा कंपनीला कळवायचं, त्यांच्या माणसाने पाहणी (सर्व्हे) केल्याशिवाय पानाही लावू द्यायचा नाही.

उटी मी बाभळीच्या तुकड्यातून कापून ठेवली आहे. शनिवारी सकाळी, रस्ता रिकामा असताना, आम्ही दोघं तिच्या नव्या घरासमोर गाडी चढाला एकदा आणि उताराला एकदा लावून बघणार आहोत.