खाऱ्या पाण्यासाठी फ्लाय लाइन बदलताना

फ्लाय फिशिंग म्हणजे बनावट माशी जड दोरीच्या, म्हणजे फ्लाय लाइनच्या, वजनाने फेकून केलेली मासेमारी. अमेरिकेतल्या फ्लोरिडा कीज बेटांच्या उथळ पाण्यात बोनफिश माशासाठी ८ नंबरचा रॉड होता (नंबर म्हणजे लाइनच्या वजनाचा वर्ग), पण दुपारी लाइन चिकट व्हायची, रॉडच्या कड्यांतून सरकायचीच नाही. दोष रॉडचा नव्हता. लाइन ट्राउट माशासाठीची, थंड पाण्याची होती. तिचं मऊ आवरण उन्हात आणखी मऊ पडतं. उपाय म्हणजे कडक आवरणाची, मोनोफिलामेंट (एकेरी नायलॉन धागा) गाभ्याची ट्रॉपिकल, म्हणजे उष्ण पाण्यासाठीची लाइन. ती थंड पाण्यात मात्र वापरू नये, वेटोळी सुटत नाहीत.

खोक्यावरच्या नंबरवर विसंबू नका, ग्रेन (वजनाचं छोटं एकक) वाचा. ८ नंबरचं प्रमाण पहिल्या ३० फुटांना २१० ग्रेन, म्हणजे साधारण १३.६ ग्रॅम. खाऱ्या पाण्याच्या बऱ्याच लाइनी मुद्दाम याहून जड करतात. जवळच्या फेकीला, वाऱ्यात त्या खरंच उपयोगी; नरम रॉडवर नकोत. गुडघाभर पाण्यात तरंगती लाइन घ्या, लाटांच्या किनाऱ्यावर इंटरमीडिएट, म्हणजे हळू बुडणारी.

नवी लाइन जुनीपेक्षा जाड असेल तर रीलच्या चौकटीला घासते. थोडं बॅकिंग (लाइनच्या मागे रीलवर गुंडाळलेली बारीक दोरी) काढा, कडेला ४-५ मिमी जागा राहू द्या.

आणि डास पळवणाऱ्या डीटचं मलम लावलेल्या हातांनी लाइन कधीच धरू नका, आवरण खराब होतं. रोज संध्याकाळी गोड्या पाण्यात धुवा.