गरोदर असताना क्लबसोबत धावायचे असेल तर

आमच्या पुण्यातील क्लबमध्ये रविवारी पहाटे साडेपाचला सगळे जमतात आणि वेगानुसार उभे राहतात. किलोमीटरला सहा मिनिटे घेणारा गट पुढे, साडेसहाचा त्याच्या मागे आणि धावत-चालत जाणारे सर्वांत शेवटी. माझ्या पहिल्या गरोदरपणात चौदाव्या आठवड्यापर्यंत मी माझ्या जुन्याच गटात उभी राहत होते. गटात पाय आपोआप पडत राहतात, शेजारच्या मैत्रिणीच्या पावलाला आपले पाऊल जुळते आणि आपण किती दमलो आहोत हे थांबल्यावरच कळते. एका रविवारी थांबल्यावर मला इतकी भोवळ आली की रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर वीस मिनिटे बसून राहावे लागले. जी स्त्री आधीपासून नियमित धावते आणि जिचे गरोदरपण कोणत्याही गुंतागुंतीशिवाय चालले आहे, तिने धावणे सोडण्याचे कारण नाही. मात्र दुसऱ्याच्या वेगाने धावणे तिने पहिल्या दिवसापासून सोडले पाहिजे. हे मी त्या दिवशी शिकले, आणि पुढचे सारे मार्गदर्शन त्याच एका गोष्टीभोवती आहे.

आधी हे कोणासाठी लिहिले आहे ते स्पष्ट करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, कोणतीही वैद्यकीय अडचण नसलेल्या गर्भवतीने आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, आणि ज्या स्त्रिया आधीपासून जोमदार व्यायाम करत आल्या आहेत त्यांना तो सुरू ठेवता येतो. या सूचनेतला ‘आधीपासून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आजवर कधीच न धावलेल्या स्त्रीने दिवस राहिल्यावर धावायला सुरुवात करू नये. तिने क्लबच्या चालणाऱ्या गटात सामील व्हावे, त्यातूनही तिचा आठवड्याचा व्यायाम सहज पूर्ण होतो.

डॉक्टरांना ‘मी धावू का?’ एवढेच विचारले तर बहुतेक वेळा ‘नको’ असे उत्तर मिळते, कारण समोरची बाई किती आणि कशी धावते याचा त्यांना अंदाज नसतो. त्याऐवजी आपण किती वर्षे धावतो, आठवड्यातून किती दिवस, किती किलोमीटर आणि साधारण किती वेळात, हे कागदावर लिहून न्यावे आणि मग नेमके प्रश्न विचारावेत. वार (बाळाला पोषण देणारी प्लासेंटा) कुठे आहे? गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी पुरेशी आहे का? रक्तदाब आणि हिमोग्लोबिन किती आहे? पिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल, रक्तस्राव होत असेल, गरोदरपणातला रक्तदाब वाढला असेल, मुदतीपूर्वी कळा येण्याचा धोका असेल, जुळी असून डॉक्टरांनी जपायला सांगितले असेल किंवा हृदयाचा अथवा फुफ्फुसाचा गंभीर आजार असेल, तर धावण्याचा विचारही करू नये. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ‘वार खाली आहे’ असे लिहून आले तर घाबरू नये. गर्भाशय वाढत जाते तशी ती बहुतेकींच्या बाबतीत वर सरकते. मात्र पुढच्या सोनोग्राफीत ती सरकल्याचे दिसेपर्यंत डॉक्टरांना विचारल्याशिवाय धावू नये, आणि सातव्या महिन्यातही ती खालीच असेल तर धावणे पूर्ण थांबवावे.

हिमोग्लोबिनचा उल्लेख मी मुद्दाम करते आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशातील निम्म्याहून अधिक, म्हणजे 52.2 टक्के गर्भवती स्त्रियांना रक्तक्षय आहे, आणि धावणाऱ्या सुखवस्तू घरांतल्या स्त्रिया त्यातून सुटलेल्या आहेत असे मानण्याचे कारण नाही. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणतात. अशा वेळी दम लागतो तो सराव कमी पडल्यामुळे, असे समजून अधिक धावणे ही फार मोठी चूक ठरते. लोहाच्या गोळ्या नेमाने घ्याव्यात आणि त्या चहाबरोबर घेऊ नयेत. धावून झाल्यावर टपरीवर पोहे आणि चहा हा प्रत्येक क्लबचा शिरस्ता असतो. त्यात जरूर सामील व्हावे, पण गोळी त्या वेळेपासून तास-दोन तास दूर ठेवावी. कॅल्शियमची गोळीही लोहाच्या गोळीबरोबर एकाच वेळी घेऊ नये.

आता क्लबचा प्रश्न. पहिले तीन महिने कोणाला सांगू नये ही आपल्याकडची रीत आहे, आणि तिच्यामागची भावना मी समजू शकते. परंतु याच तीन महिन्यांत मळमळ, थकवा आणि चक्कर सर्वांत जास्त असते, आणि भ्रूणाच्या दृष्टीने अंगातली उष्णता फार वाढू न देणे याच काळात अत्यंत आवश्यक असते. म्हणून घरच्यांना विश्वासात घेऊन क्लबमधल्या दोघांना तरी सांगावे: एक प्रशिक्षक आणि दुसरी शेजारी धावणारी मैत्रीण. प्रशिक्षकाला सांगितले की इंटरव्हल, टेम्पो आणि चढावरचे वेगाचे सराव आपल्या वेळापत्रकातून निघून जातात आणि ‘आज तू मागे का?’ असा प्रश्न सर्वांसमोर कोणी विचारत नाही. सासूबाईंचा विरोध असेल तर त्यांना एकदा तपासणीच्या वेळी सोबत न्यावे. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेली गोष्ट त्यांना पटण्याची शक्यता अधिक असते, आणि त्यांच्या काळजीचा मान राखला जातो तो वेगळाच.

वेग ठरवण्यासाठी घड्याळ बाजूला ठेवावे. गरोदरपणात शरीरातले रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढते आणि विश्रांतीतले हृदयाचे ठोकेही मिनिटाला 10 ते 20 ने वाढतात, त्यामुळे जुन्या आकड्यांवरून श्रमाचा अंदाज येत नाही. ‘ठोके 140 च्या वर जाऊ देऊ नका’ हा सल्ला अजूनही ऐकू येतो. तो अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1985 मध्ये दिला होता आणि 1994 मध्ये त्याच संघटनेने ती मर्यादा काढून टाकली. त्याऐवजी बोलण्याची कसोटी वापरावी: धावता धावता पूर्ण वाक्य एका दमात बोलता आले पाहिजे. वाक्याच्या मध्ये श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करावा, आणि तरीही जमत नसेल तर चालावे. क्लबमध्ये धावण्याचा खरा लाभ इथेच आहे, कारण शेजारच्या मैत्रिणीशी गप्पा चालू असल्या की ही कसोटी आपोआप होत राहते. म्हणून वेगाचा गट निवडण्याऐवजी सोबतीण निवडावी, आणि तिने आपल्या वेगाने यायचे हे आधीच ठरवून घ्यावे. अशी एकही मैत्रीण तयार नसेल तर धावत-चालत जाणाऱ्या शेवटच्या गटात जावे. तिथे आपले स्वागत होते आणि कोणी घाई करत नाही.

मार्गाच्या बाबतीत माझा आग्रह एकच आहे: लांबच्या एकेरी मार्गाऐवजी लहान फेऱ्यांचा मार्ग घ्यावा. दादरच्या शिवाजी पार्कला कट्ट्याभोवती, कोल्हापूरला रंकाळ्याकाठी, पुण्यात एखाद्या मैदानाला फेऱ्या मारल्या तर कोणत्याही क्षणी थांबता येते, गट पुन्हा त्याच जागी भेटत राहतो आणि स्वच्छतागृह कधीच दूर नसते. पाचव्या महिन्यानंतर दर अर्ध्या तासाने त्याची गरज भासते आणि त्यात संकोच करण्यासारखे काहीही नाही. सिंहगडाचा किंवा यवतेश्वरचा घाट, वेताळ टेकडीवरच्या खड्यांच्या पायवाटा आणि पावसाळ्यातले शेवाळलेले रस्ते या काळात टाळावेत. पोट पुढे येते तसा शरीराचा तोल बदलतो, सांधे सैल होतात आणि आपल्या पायाखालचा खड्डा आपल्यालाच दिसेनासा होतो. पडणे हा या काळातला सर्वांत साधा आणि सर्वांत टाळता येण्याजोगा धोका आहे. भटकी कुत्री जमतात तो रस्ता अंधारात घेऊ नये. खिशात फोन, त्यावर डॉक्टरांचा क्रमांक आणि आपला रक्तगट लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. रुग्णवाहिकेचा 108 हा क्रमांक सोबतिणीलाही ठाऊक असावा.

उन्हाळ्यात क्लब पहाटे निघतो, पण लांब पल्ला असेल तर परत येईपर्यंत ऊन चढलेले असते. एप्रिल-मे महिन्यांत सूर्य वर येण्यापूर्वी घरी पोचता येईल इतकेच अंतर ठेवावे. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीला तर दमटपणामुळे घाम वाळतच नाही आणि शरीर थंड होत नाही, म्हणून तिथे हिवाळा सोडून इतर वेळी अंतर आणखी कमी करावे. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट पाणी प्यावे. उपाशीपोटी निघू नये. निघण्यापूर्वी दोन खजूर, अर्धे केळे किंवा राजगिऱ्याची वडी खाल्ली तर मळमळही कमी होते.

धावून झाल्यावर क्लबमध्ये सर्वजण एकत्र स्ट्रेचिंग करतात. विसाव्या आठवड्यानंतर पाठीवर उताणे झोपून करायचे प्रकार सोडून द्यावेत, कारण गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून रक्तदाब खाली येऊ शकतो. ते कुशीवर, बसून किंवा भिंतीला हात टेकून करावेत. जोडीदाराने पाय धरून ढकलण्याचा प्रकार मात्र कोणत्याही महिन्यात नको, कारण सैल झालेला सांधा जिथवर जातो तिथवर त्याला नेणे हितकारक नसते. उड्या मारण्याचे व्यायामही वगळावेत. कपड्यांविषयी थोडक्यात सांगायचे तर, आधार देणारी मोठ्या मापाची स्पोर्ट्स ब्रा आणि पाय सुजू लागल्यावर अर्ध्या मापाने मोठे बूट घ्यावेत. पोटाखाली बांधायच्या पट्ट्याने अनेकींना बरे वाटते, मला वाटले.

पुढची लक्षणे सोबतिणीलाही तोंडपाठ असावीत, कारण आपण त्यांच्याकडे दुर्लक्ष करण्याची शक्यता असते आणि ती करणार नाही. अंगावर रक्त जाणे, पाणी गेल्यासारखे वाटणे, ओटीपोटात दुखणे किंवा ठरावीक अंतराने कळा येणे, छातीत दुखणे, धावायला सुरुवात करण्यापूर्वीच धाप लागणे, भोवळ येणे, डोके ठणकणे, तोल जाण्याइतका अशक्तपणा, एकाच पोटरीत दुखणे किंवा सूज. यांपैकी एकही लक्षण दिसले की तिथेच थांबावे, ‘ही फेरी पूर्ण करते’ असे म्हणू नये, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी जाणवली तरी तसेच करावे.

कोणत्या महिन्यापर्यंत धावावे याचे एक उत्तर नाही. इंग्लंडची पॉला रॅडक्लिफ गरोदरपणातही धावत राहिली आणि जानेवारी 2007 मध्ये मुलगी झाल्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. अमेरिकेची अलिसिया मोंटान्यो 2014 मध्ये 34 आठवड्यांची गरोदर असताना राष्ट्रीय स्पर्धेत 800 मीटर धावली. या दोघी व्यावसायिक खेळाडू होत्या आणि त्यांच्यामागे डॉक्टरांचे सतत लक्ष होते, हे आपल्या क्लबमध्ये त्यांचे उदाहरण देणाऱ्यांना शांतपणे सांगावे. माझ्या दुसऱ्या गरोदरपणात मी तिसाव्या आठवड्यापर्यंत धावले आणि नंतर चालत राहिले. जांघेत किंवा माकडहाडाजवळ दर पावलाला दुखू लागले, धावताना लघवी निसटू लागली किंवा ओटीपोट जड होऊन खाली ओढल्यासारखे वाटले, तर चालण्याची वेळ आली असे समजावे, मग तो महिना चौथा असो की आठवा. आधीच नाव नोंदवलेली शर्यत सोडून देण्याचे दुःख होते, कारण प्रवेश शुल्क सहसा परत मिळत नाही. तरीही गर्दीत ढकलाढकली होते त्या शर्यतीत पैसे वसूल करण्यासाठी उतरू नये. त्याऐवजी पाणी वाटपाच्या टेबलावर उभे राहावे, क्लबला तिथे माणसे नेहमीच कमी पडतात.

पहिल्या बाळंतपणासाठी अनेकजणी सातव्या किंवा आठव्या महिन्यात माहेरी जातात. तेव्हा गावही बदलते आणि डॉक्टरही. जाण्यापूर्वी माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे सर्व अहवाल आणि ‘इतपत व्यायाम चालेल’ असे डॉक्टरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी सोबत घ्यावी. माहेरच्या गावात नवा धावणारा गट शोधू नये. अनोळखी माणसांत आपला वेग राखणे जुन्या मैत्रिणींपेक्षा कितीतरी कठीण जाते. तिथे आईला किंवा वहिनीला सोबत घेऊन संध्याकाळी चालायला जावे.

बाळंतपणानंतर परतण्याची घाई करू नये. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे आकुंचनाचे व्यायाम डॉक्टरांच्या परवानगीने लवकर सुरू करता येतात आणि चालणेही, पण धावण्यासाठी साधारण 12 आठवडे थांबावे, सिझेरियन झाले असेल तर टाक्यांची तपासणी झाल्यावरच विचार करावा. पहिल्या रविवारी क्लबमध्ये जाल तेव्हा बाळाला दूध पाजून निघावे, घरी परतण्याची वेळ आधीच सांगून ठेवावी आणि थेट शेवटच्या गटात जाऊन उभे राहावे.