जुना पिकअप ओढत नाही? पंप उतरवायच्या आधी डिझेलची लाइन अशी तपासा

बेळगावातून भाजी भरून चोर्ल्याने गोव्याला उतरणारे किंवा निपाणी-संकेश्वरच्या बाजाराला माल टाकणारे बरेच पिकअप अजून जुन्या मेकॅनिकल पंपाचेच (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलला दाबानं डिझेल देणारा मोठा पंप) आहेत. अशी गाडी चढाला दम टाकायला लागली किंवा सकाळी लवकर चालू होईना की बघणारा प्रत्येक जण एकच सांगतो, "पंप गेला, उतरवा." मग पंप कॅलिब्रेशनला जातो, हजारो रुपये जातात, चार दिवस गाडी उभी राहते आणि पंप परत बसवला तरी तवंदी घाटात गाडी तशीच मरते. माझं म्हणणं एकदम सरळ आहे, टाकीपासून पंपापर्यंतचा रस्ता तपासल्याशिवाय पंपाला पाना लावू द्यायचा नाही.

हे सगळं जुन्या पंपाच्या डिझेल गाडीसाठी आहे हं. कॉमन रेल, म्हणजे नव्या इलेक्ट्रॉनिक सिस्टीमची गाडी असेल तर नोझलच्या पाइपचा नट सैल करायचाच नाही, तिथं प्रेशर 1000 बारच्या वर जातं.

टाकीत डिझेल, बॅटरीत दम आणि इंजिन बंद करायची स्टॉपची केबल पूर्ण मागे गेलीय का एवढं आधी बघून घ्या. मग कुणालातरी सेल्फ मारायला लावून तुम्ही सायलेन्सरजवळ उभे राहा. धूरच नाही म्हणजे डिझेल नोझलपर्यंत पोचत नाही. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण जळत नाही, तो विषय वेगळा. काळा धूर सोडत गाडी ओढत नसेल तर आधी एअर फिल्टर आणि नोझल बघा.

घाटात गाडी मेली की टाकीचं झाकण उघडून बघा. फुस्स करून हवा आत गेली आणि नंतर गाडी नीट पळाली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, साफ करा, काम संपलं. डिझेल फिल्टर बदला, धुऊन परत घालू नका, कागदाचा फिल्टर धुतला की तो कामातून जातो. पावसाळ्यात फिल्टरखालचा स्क्रू सोडून पाणी काढत जा.

आता खरी डोकेदुखी, एअर, म्हणजे डिझेलच्या लाइनीत शिरलेली हवा. यानं मला लई छळलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणारा छोटा पंप) या भागात डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. त्यामुळं पाइपला बारीक भोक असलं तरी गाडी चालू असताना तिथून डिझेल गळत नाही, उलट हवा आत जाते, चीर गेलेल्या स्ट्रॉनं उसाचा रस ओढल्यासारखं. म्हणून गाडीखाली वाकून "कुठं गळत नाही, लाइन ओके आहे" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. कोरडी लाइन म्हणजे चांगली लाइन नव्हे.

फीड पंपाच्या इनलेटला वीतभर पारदर्शक पाइप लावा, दोन्हीकडं क्लिप आवळा, एअर काढून (कशी ते खाली सांगतो) गाडी चालू करा आणि रेस करून बघत बसा. पाइप नुकताच जोडलेला असतो त्यामुळं सुरुवातीला थोडे बुडबुडे येणारच, त्याला घाबरू नका, पण पाच मिनिटांनंतरही बुडबुड्यांची माळ चालूच असेल तर हवा मागून, टाकीकडून येतेय. इनलेटला स्वच्छ आणि फीड पंपाच्या पुढं बुडबुडे, तर दोष फीड पंपात किंवा त्याच्यावरच्या हँड प्रायमरच्या (हातानं डिझेल ओढायचा दट्ट्या) सीलमध्ये. तो प्रायमर मारून झाला की परत घट्ट आवळायचा असतो, बरेच जण तसाच सोडतात आणि तिथूनच गाडी एअर घेत राहते. हा पारदर्शक पाइप फक्त बघायला आहे, कायमचा ठेवू नका, इंजिनच्या गरमीनं तो मऊ पडतो.

तरी खात्री होत नसेल तर टाकीच वगळून बघा. पाच लिटरच्या कॅनमध्ये स्वच्छ डिझेल घ्या, नवा पाइप कॅनमधून थेट फीड पंपाला जोडा. कॅन आधी खाली, फीड पंपापेक्षा खालच्या पातळीला ठेवा म्हणजे पंपाला ओढावं लागेल. सगळे जण कॅन बॉनेटजवळ वर टांगतात, हे मला अजिबात पटत नाही, कारण वरून डिझेल आपोआप उतरतं आणि अशक्त फीड पंपही धडधाकट वाटतो. कॅन खाली असताना गाडी नीट चालली तर दोष टाकीतल्या जाळीत किंवा टाकीपासूनच्या पाइपमध्ये. खाली ठेवल्यावर मरते आणि वर टांगल्यावर चालते, तर फीड पंप कमजोर, त्याचं किट बदलून बघा, मोठ्या पंपाच्या मानानं खर्च काहीच नाही. वर टांगूनही चालेना आणि फिल्टर नवा असेल, तेव्हा मोठ्या पंपाचा विचार करा, त्याच्या आधी नको. रिटर्न टाकीत जात असतो त्यामुळं कॅन भराभर रिकामा होतो, लक्ष ठेवा.

पाइपमधलं भोक शोधायचं तर चासीला पाइप जिथं क्लिपनं बांधलाय तिथं बघा. क्लिप काढून चिखल खरवडा, घासून गंजलेलं बारीक भोक नेमकं त्या क्लिपखाली लपलेलं असतं. टाकी फुल करून गाडी रात्रभर उभी केली तर कधीकधी तिथं बोटाएवढा ओला काळा डाग पडतो, धूळ चिकटलेला, तीच जागा. रबरी पाइप वाकवून बघा, बारीक भेगा दिसल्या की टाकून द्या, आणि नवीन घेताना डिझेलचाच पाइप घ्या, पाण्याचा नको. बँजो बोल्ट (पाइपच्या तोंडाला बसणारा पोकळ बोल्ट) उघडला की कॉपर वायसर नवीनच घालायचं, जुनं आवळून आवळून बसवायचा हट्ट केला तर बोल्टचे आटे जातात.

एअर काढायला आधी फिल्टरवरचा एअरचा स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत प्रायमर मारा, मग पंपाचा स्क्रू, मग नोझलचे नट अर्धा आटा सोडून सेल्फ आणि परत आवळा. नोझलच्या पाइपजवळ बोट न्यायचं नाही, 200 बारच्या आसपासची धार कातडीत घुसते आणि ती जखम साधी नसते, टिकलीएवढी दिसली तरी तडक दवाखाना. आणि पेट्रोलचा बोळा एअर फिल्टरला धरून गाडी चालू करायचा प्रकार कुणालाही करू देऊ नका, त्यात इंजिन खराब होतं आणि मूळ दोष तसाच राहतो.

शेवटी गाडी रात्री चढावर, तोंड वर करून लावा. कुठं हवा शिरत असेल तर रात्रीत सगळं डिझेल टाकीकडं मागे येतं. सकाळी पहिल्या सेल्फला चालू झाली तर लाइन पक्की झाली, घाला माल आणि जा. नाही झाली तर पुढची क्लिप सोडा, पुढचा सांधा बघा.